बरोबर असणं आणि हक्क असणं

अर्धविराम (धागाकर्ता)

नात्यातल्या एकाशी मध्यंतरी वाद झाला. विषय त्याच्या पैशांचा, तपशिलात शिरत नाही. मी आकडे मांडून सांगत होतो की बाबा रे, यात तू बुडणार. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एका वाक्यात मला गार केलं, "पैसे माझे आहेत, काय करायचं तो हक्क माझा आहे."

यावर काय बोलणार? हक्क मी नाकारलाच नव्हता. त्याचं चुकतंय एवढंच माझं म्हणणं होतं, आणि त्याला त्याने उत्तरच दिलं नाही. तरी वाद मी हरलो असं बसलेल्या सगळ्यांना वाटलं. मलासुद्धा.

तेव्हापासून हे जिकडेतिकडे दिसायला लागलंय. एक म्हणतो "हे धादांत खोटं आहे", दुसरा म्हणतो "मला बोलायचं स्वातंत्र्य आहे". कधी उलट्या बाजूनेही चालतं, "माझं बरोबर आहे, तेव्हा तू गप्प बस". तर दोन प्रश्न. एखाद्याचा हक्क मान्य करून वर "तुझं चुकतंय" म्हणता येतं का, की हक्क म्हटलं की तोंड मिटायचं? आणि मी अगदी शंभर टक्के बरोबर असेन, तर तेवढ्यामुळे मला कुठला जास्तीचा हक्क मिळतो का?

जाणकारांनी प्रकाश टाकावा. अजाणकारांनीही टाकावा, इथे तशी परंपरा आहे.

टवाळखोर

पहिल्या बाकावर जागा धरली आहे. चालू द्या.

काळा_कोट

पहिल्याचं उत्तर हो, दुसऱ्याचं सहसा नाही. आता सवयीप्रमाणे लांबण लावते.

होफेल्ड नावाचा एक अमेरिकन कायदेपंडित होता. १९१८ साली, वयाच्या ३९व्या वर्षी गेला. पण त्याआधी १९१३ च्या एका लेखात त्याने दाखवून दिलं की आपण हक्क म्हणून जे म्हणतो त्यात चार वेगवेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात. तुम्ही माझं देणं लागता, म्हणजे ते फेडायचं कर्तव्य तुमच्यावर आहे, ही एक. एखादी गोष्ट करू नये असं बंधन माझ्यावर नाही, ही नुसती मोकळीक, ही दुसरी. मी मृत्युपत्र बदललं की कोणाला काय मिळणार तेच बदलतं, ही ताकद झाली. आणि माझी स्थिती तुम्हाला परस्पर बदलता येत नाही, हे कवच.

तुमच्या नातेवाइकाकडे यातलं बरंच काही आहे. पैसे उडवू नयेत असं बंधन त्याच्यावर नाही, आणि त्याचा हात धरू नये हे तुमचं कर्तव्य आहे. पण चारही कप्पे उलटेपालटे करून पाहा, "मी शहाणा आहे" असं एकातही सापडणार नाही. तुम्ही विचारलंत एक, त्याने उत्तर दिलं भलत्याच प्रश्नाला.

तिरपागडे

असहमत. कायद्यात चुकीचं वागायची सोय असेल, ते ठीक. पण नैतिक पातळीवर "चुकीचं वागण्याचा हक्क" हा शुद्ध वदतोव्याघात आहे. एखादी गोष्ट चूक आहे म्हणजेच ती करू नये. करू नये अशी गोष्ट करायचा हक्क कसा काय असेल? एकतर ती चूक नाही, नाहीतर हक्क नाही. दोन्ही दगडांवर पाय ठेवू नका.

टवाळखोर

मला या संस्थळावर चुकीचे प्रतिसाद द्यायचा हक्क आहे आणि मी तो नेमाने बजावतो. तिरपागडे यांनी माझा वंशच बुडवायला घेतला.

जुनी_वही

तिरपागडे, तुमचा आक्षेप जुना आहे आणि तगडाही आहे. जेरेमी वॉल्ड्रन या तत्त्वज्ञाने १९८१ साली त्यावर नेटका युक्तिवाद केला होता. तो माझ्या भाषेत सांगतो.

समजा हक्क फक्त बरोबर वागण्याचा आहे. मग माणसाच्या हातात उरतं काय? जिथे एक पर्याय बरोबर आणि बाकीचे चूक, तिथे निवड संपली. निवड उरली ती फक्त काहीच फरक पडत नाही अशा बाबतीत, म्हणजे सदरा निळा घालू की पांढरा. कोणावर प्रेम करायचं, मत कोणाला द्यायचं, वारशात मिळालेल्या पैशातलं गरजूला द्यायचं की नाही, या सगळ्या ठिकाणी चूक होऊ शकते. म्हणून तर हक्क तिथे हवा. रागाच्या भरात नालायक उमेदवाराला मत देणारा चुकतोच. त्याच्या हातातली मतपत्रिका काढून घेणारा त्याहून मोठी चूक करतो.

माणसाने काय करावं हे हक्क सांगतच नाही. दुसऱ्याने कुठे थांबावं तेवढं सांगतो. त्यामुळे "चूक आहे" आणि "तरी हात लावू नका" ही दोन वाक्यं एकमेकांना छेदत नाहीत.

तिरपागडे

छेदत नसतील, पण एकमेकांकडे पाठ करून उभी आहेत. विचार करतो.

चिमटाकात्री

पैसे बुडाले तर बुडाले. माझ्याकडे लोक पाय घेऊन येतात. (शल्यचिकित्सक आहे.)

सत्तरी गाठलेल्या बाई. मधुमेह जुना. अंगठ्यापासून सुरू झालेला काळा रंग घोट्याशी आला होता, वास खोलीच्या दाराबाहेर येत होता. पाय काढायला हवा हे ठरवायला मला वेळ लागला नाही. मुलगा आणि सून तयार. मुलाने खिशातून पेनही काढलं. बाई म्हणाल्या, "सही मी करायची ना?" म्हटलं, हो. "मग नाही करत."

मी कागदावर पायाची आकृती काढून समजावलं. रक्त कुठपर्यंत पोचतंय, कुठे थांबतंय, जंतुसंसर्ग वर चढला की काय होईल, सगळं. कागद जवळ धरून त्यांनी नीट पाहिला आणि विचारलं, "गुडघ्याच्या वरून की खालून?" मग विचारलं, "नाही काढला तर शेवटी दुखेल किती?" म्हणजे समजायला काही बाकी राहिलं नव्हतं. उत्तरं ऐकली आणि पुन्हा नाही म्हणाल्या.

मुलाने मला व्हरांड्यात गाठलं. "तुमचं बरोबर आहे ना डॉक्टर? मग करून टाका. मी देतो सही." अर्धविराम यांचा दुसरा प्रश्न तिथे माझ्यापुढे उभा होता, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं म्हणून तो जास्त अवघड होता. माझं निदान बरोबर होतं. आजही तसंच म्हणेन. पण त्या पायावर माझा काडीचा हक्क नव्हता आणि शुद्धीवर असलेल्या आईच्या जागी सही करायचा त्यालाही नव्हता.

काजवा

पुढे काय झालं त्यांचं?

चिमटाकात्री

मुद्दाम लिहिलं नाही. वाचल्या असं सांगितलं तर तुम्ही म्हणणार, बघा, बाईंचंच बरोबर होतं. गेल्या असं सांगितलं तर म्हणणार, डॉक्टरने ऐकायला नको होतं. दोन्हीकडे शेवटावरून हक्काचा निवाडा होतो. त्यांनी नाही म्हटलं त्या क्षणी शेवट कोणालाच माहीत नव्हता.

टवाळखोर

तत्त्व पटलं. पण वाचकाचा म्हणून काही हक्क असतो की नाही?

काळा_कोट

वाचकाची सोय मी करते. इंग्लंडमध्ये नव्वदच्या दशकात असाच खटला झाला. निकालपत्रात रुग्णाचं नाव फक्त "सी". वय ६८, तीव्र मनोविकार, ठेवलेला एका बंदिस्त मनोरुग्णालयात. आपण स्वतः थोर डॉक्टर आहोत असा त्याचा ठाम समज. पायाला गँगरीन. पाय काढला नाही तर वाचायची शक्यता १५ टक्के, असं शल्यचिकित्सकाचं मत. हा म्हणे, पाय काढू देणार नाही.

न्यायालयाने त्याचा निर्णय शहाणपणाचा आहे का हे तपासलंच नाही. दिलेली माहिती त्याला कळते का, ती त्याला खरी वाटते का, आणि नफातोटा तोलून तो ठरवू शकतो का, एवढंच पाहिलं. थोर डॉक्टर असल्याचा भ्रम होता, तरी पायाबद्दल विचार करण्याइतकी बुद्धी शाबूत होती. नकार ग्राह्य धरला. आणि हो, तो वाचला, पायासकट. पण चिमटाकात्री म्हणतात तेच खरं, तो गेला असता तरी निकाल योग्यच ठरला असता.

सरळ_रेषा

सगळे हक्क हक्क करताहेत. कर्तव्याचं कोणी नाव काढेल का? आधी कर्तव्य पार पाडा, मग हक्क मागा. हल्ली हे उलटं झालंय म्हणून सगळे प्रश्न आहेत.

सांजवात

सरळ_रेषा, नुकत्याच जन्मलेल्या बाळाने कुठलं कर्तव्य पार पाडलंय? तरी त्याला मारता येत नाही, उपाशी ठेवता येत नाही. बेशुद्ध माणसाचंही तेच. काळा_कोट यांनी वर सांगितलंच आहे, हक्काच्या समोर कर्तव्य असतं, पण ते समोरच्या माणसाचं. ज्याचा हक्क त्याचंच कर्तव्य अशी पावती फाडलेली नसते.

१० डिसेंबर १९४८ ला संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला, ४८ मतं बाजूने, विरोधात एकही नाही, ८ देश तटस्थ. त्याच्या ३० कलमांपैकी २९वं कलम कर्तव्याबद्दलच आहे, त्यामुळे तुमची काळजी तिथल्या लोकांनाही होती. मात्र "कर्तव्य केलं तरच वरची २८ कलमं लागू" असं त्यांनी लिहिलेलं नाही.

(अवांतर: पहिल्या कलमात "सर्व पुरुष" ऐवजी "सर्व माणसं" असे शब्द यावेत यासाठी भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता हटून बसल्या होत्या. "पुरुष म्हटलं की स्त्रिया आल्याच" असं सांगणारे तेव्हाही होते.)

सरळ_रेषा

बाळाचं उदाहरण दिलं की आम्ही गप्पच. पण धडधाकट माणसांबद्दल माझा मुद्दा कायम आहे.

काजवा

थोडं क्रिकेट चालेल का? फेब्रुवारी १९८१, मेलबर्न कसोटी. गावसकर ७० वर खेळताहेत, लिलीचा चेंडू, पायचीत दिलं. चेंडू आधी बॅटला लागला होता असं त्यांचं म्हणणं. रागाने चेतन चौहानांनाही सोबत घेऊन निघाले. सीमारेषेजवळ व्यवस्थापक दुर्राणी आडवे आले, चौहान परत फिरले, सामना वाचला. नंतर ऑस्ट्रेलिया ८३ मध्ये गारद आणि आपण ५९ धावांनी जिंकलो.

समजा बॅट खरंच लागली होती. म्हणजे गावसकर बरोबर, पंच चूक. तरी नाबाद ठरवायची ताकद गावसकरांकडे नव्हती. ही होफेल्डसाहेबांची तिसरी पेटी ना? पंच चुकला तरी बाद तो बाद.

काळा_कोट

अगदी तिसरीच पेटी. निर्णय देणाऱ्याच्या हक्काला बरोबर असण्याची अट घातली, तर प्रत्येक हरलेला माणूस "चूक निर्णय" म्हणून खेळत राहील. अपील असतं ते यासाठीच, आणि त्यालाही कुठेतरी शेवट असतो.

लेग_गली

डीआरएसमध्ये (पंचाचा निर्णय कॅमेऱ्याच्या मदतीने पुन्हा तपासतात ते) तर याहून गंमत आहे. पायचीतच्या वेळी चेंडूचा अर्ध्यापेक्षा कमी भाग यष्टीला लागताना दिसला तर मैदानावरच्या पंचाचा निर्णय कायम राहतो. म्हणजे तोच चेंडू, तीच रेषा, पंचाने बोट वर केलं असेल तर बाद, नसेल तर नाबाद. दोन्ही बरोबर!

तिरपागडे

दोन्ही बरोबर नव्हे, दोन्ही वैध. चेंडू यष्टीला लागला असता की नसता, याचं उत्तर एकच आहे, भले ते कॅमेऱ्याला दिसो न दिसो. हा फरक तुम्ही लोक मला शिकवत होता ना?

जुनी_वही

मानलं, तिरपागडे. _/\_

वैध आणि बरोबर यांच्यातल्या दरीचं मोठं उदाहरण म्हणजे २८ एप्रिल १९७६ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. आणीबाणीत अटक झालेल्या माणसाला "मला बेकायदा डांबलंय" म्हणून कोर्टात जाता येईल का, असा प्रश्न होता. नऊ उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांच्या बाजूने कौल दिला होता. इथे पाचपैकी चार न्यायमूर्ती म्हणाले, नाही जाता येणार. एकटे न्या. हंसराज खन्ना म्हणाले, येईल. पुढे जानेवारी १९७७ मध्ये त्यांची सेवाज्येष्ठता डावलून दुसऱ्यांना सरन्यायाधीश केलं गेलं आणि त्यांनी राजीनामा दिला. २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने तो १९७६ चा निकाल चूक ठरवून मोडीत काढला. बहुमतातल्या चारांपैकी एक यशवंत चंद्रचूड होते, आणि तो मोडीत काढणाऱ्यांत त्यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड.

सांजवात

अंगावर काटा आला. शेवटी सत्य जिंकलंच म्हणायचं.

काळा_कोट

सांजवात, एवढ्या लवकर आरती ओवाळू नका. ४१ वर्षं लागली. जे तेव्हा आत होते त्यांना त्या निकालाने एक दिवससुद्धा परत मिळाला नाही. हक्काचं खरं संरक्षण झालं ते १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीने. जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, असं तिने लिहून ठेवलं. खन्ना बरोबर होते, हे अनेकांना त्याच दिवशी कळलं होतं. नुसतं कळून कुलूप उघडत नाही.

तिरपागडे

विचार करून परत आलो आहे. जुनी_वही यांचा मुद्दा मान्य, चुकीचं वागायचा हक्क असू शकतो. पण तुम्ही सगळे एक गोष्ट फुकटात पदरात पाडून घेताय. "मला हक्क आहे" हे वाक्यसुद्धा एक विधान आहे. तेही खरं किंवा खोटं असू शकतं. मग हक्क सांगणाऱ्याला बरोबर असण्यापासून सुटका कुठे मिळाली? पैसे कसे खर्चावेत याबाबत तो चुकला तर चालेल, पण पैसे त्याचे आहेत याबाबत चुकून चालणार नाही. हक्क हा शब्द उच्चारला की चर्चा संपते असं मानणारे ही पायरी गिळतात.

बेंथम या इंग्रज तत्त्वज्ञाने १७८९ च्या फ्रेंच हक्कांच्या जाहीरनाम्यावर याच कारणाने तोंडसुख घेतलं होतं. निसर्गदत्त हक्क म्हणजे वेडगळपणा, आणि ते कोणी काढून घेऊच शकत नाही असं म्हणणं म्हणजे काठ्यांवर चढवलेला वेडगळपणा, असं काहीसं. कायदा मागे नसेल तर हक्क कुठून आणला ते दाखवा म्हणे.

जुनी_वही

पहिल्या परिच्छेदाला टाळ्या. बेंथमपाशी मात्र थांबतो. कायद्यात नाही ते नाहीच, असं धरलं तर १९७६ मध्ये स्थानबद्धांची तक्रार नेमकी काय होती? कोर्टाने तर "कायदा हाच" म्हणून सांगितलं होतं.

या निमित्ताने फाइनबर्ग या अमेरिकन तत्त्वज्ञाची एक कल्पना आठवली, १९७० ची. एक गाव कल्पा. लोक प्रेमळ, दयाळू, एकमेकांना मदत करणारे. फक्त हक्क ही गोष्ट त्यांना ठाऊक नाही. कोणी दुखावला तर त्याला वाईट वाटतं, बाकीच्यांना त्याची दया येते, पण "हे माझं आहे, दे" असं म्हणणं तिथे कोणाला सुचतच नाही. काय कमी आहे या गावात? फाइनबर्ग म्हणतो, ताठ मानेने मागणं. चिमटाकात्री यांच्या रुग्णबाईंनी "सही मी करायची ना?" असं जे विचारलं, ते या गावात कोणी विचारू शकलं नसतं. तिथला डॉक्टर मायाळूपणे पाय कापून मोकळा झाला असता.

चिमटाकात्री

हे फार नेमकं सांगितलंत. आमच्या व्यवसायात पूर्वी खूप काळ तेच गाव होतं.

अर्धविराम

सगळ्यांचे आभार. तिरपागडे यांचा प्रतिसाद वाचून एक गोष्ट सांगावीशी वाटते. ते पैसे एका संयुक्त खात्यातले आहेत. त्याचं आणि त्याच्या बायकोचं. दोघं कमावतात. तिला या बेताची पूर्ण कल्पना नाही असा माझा अंदाज आहे.

काळा_कोट

अहो!! हे आत्ता सांगताय? चार पेट्या मांडून बसले होते मी.

खात्यातून कोणा एकाच्या सहीने पैसे काढता येत असतील, तर बँक त्याला पैसे देईल. बँकेने कोणाला द्यायचे हा एक प्रश्न झाला. नवरा-बायकोंत ते पैसे कोणाचे, हा वेगळा. त्यातले तिचे जे आहेत ते सहीने त्याचे होत नाहीत. "पैसे माझे आहेत" यातला दुसरा शब्दच तपासायला हवा होता.

तिरपागडे

मी आज कोणाला काही म्हणणार नाही. फक्त वरचा माझा प्रतिसाद पुन्हा वाचा, सावकाश.

टवाळखोर

तिरपागडे बरोबर निघाले. आता त्यांना कुठला जास्तीचा हक्क मिळतो का, हा मूळ प्रश्न आहे.

सरळ_रेषा

मग बायकोला सांगायचं का? अर्धविराम यांना तो हक्क आहे का, आणि सांगणं बरोबर आहे का?

सांजवात

मोकळीक आहेच, तोंड कोणी बांधलेलं नाही. पण मी असते तर आधी नवऱ्याला सांगितलं असतं, "तू सांग, नाहीतर मी सांगते." तिच्या पाठीमागे तिच्याच पैशांची चर्चा आपणही करतोय की इथे.

काजवा

अवांतर प्रश्न, काळा_कोट ताईंना. मित्राला उसने दिले होते, तोंडी. बरेच दिवस झाले. पैसे माझेच, हे त्यालाही मान्य आहे. वकील शोधू का?

काळा_कोट

१९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे उसन्या पैशांसाठी दावा लावायला साधारण तीन वर्षं मिळतात. ती उलटली की तुम्ही कितीही बरोबर असा, कोर्टाचं दार बंद. गंमत म्हणजे कर्ज तेवढ्याने मरत नाही. त्याने आपणहून फेडलं तर "मुदत संपली होती" म्हणून परत मागता येत नाही, आणि मुदतीनंतरही "फेडीन" असं लिहून सही केली तर ते वचन बंधनकारक ठरतं. तेव्हा तीन वर्षं उलटायच्या आत त्याच्याकडून देणं असल्याचं लेखी घ्या, त्या दिवसापासून मुदत नव्याने मोजतात.

काजवा

मित्राकडून लेखी मागायचं? कसं दिसेल ते?

काळा_कोट

वाईट दिसेल. तारीख मात्र घालायला लावा.